लिबरेटर विमानांचे पुनरुज्जीवन

दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूर येथे निकामी करून टाकून दिलेली लिबरेटर (बी–२४) जातीची विमाने भारतीय तंत्रज्ञांनी १९४८ पासून पुन्हा उड्डाणक्षम केली. भारतीय हवाई दलात ती १९६८ अखेरपर्यंत होती. आरंभी त्यांचा उपयोग बाँबफेकी विमाने म्हणून व्हावयाचा होता. पुढे मात्र पुण्याहून चालणारी सागरी टेहळणी हेच त्यांचे महत्त्वाचे कार्य ठरले.

लिबरेटर हे अमेरिकेतील कन्सॉलिडेटेड कंपनीने आराखडा केलेले, प्रत्येकी सु. १,२०० अश्वशक्तीच्या चार एंजिनांचे विमान. त्याची १८,००० हून अधिक नगे तयार झाली. लांब व अरुंद पंख आणि मोठा इंधनसाठा यांमुळे ते दूरवर जाऊ शके व बराच वेळ हवेत राही. अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्यांचा माग काढण्यास ते म्हणूनच विशेष उपयुक्त ठरले. ब्रह्मदेश आघाडीसाठी ब्रिटिश हवाई दलाने भारतात आणलेली लिबरेटर विमाने लेंड-लीज या उसनवारीच्या कराराखाली मिळालेली होती. युद्ध संपताच ती अमेरिकेस परत करणे किंवा नष्ट करणे आवश्यक होते. कानपूरजवळील चकेरी विमानतळावर जमविलेल्या विमानांपैकी काहींच्या एंजिनांत वाळू टाकण्यात आली, तर काहींच्या सांगाड्यांना जड वाहनांनी धडका देण्यात आल्या. सर्व विमानांची मोडतोड सारखी झाली नाही. एकाचे पंख शाबूत, तर दुसऱ्याचे एंजिन, असा प्रकार होता आणि पुढील सर्व उद्योग शक्य झाला तो यामुळेच.

काश्मीरमधील संघर्षामुळे हवाई दलाला जड बाँबफेकी विमानांची निकड भासू लागली होती. परदेशी खरेदी खर्चाची होती. तेव्हा बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीकडे कानपूरच्या मोडीची पाहणी सोपविण्यात आली. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने स्थापिलेल्या या कारखान्याला युद्धकाळात अमेरिकी विमानांच्या दुरुस्तीचा अनुभव मिळालेला होता. तंत्रज्ञांनी सुटे भाग एका विमानातून काढून दुसऱ्यात बसविले व हंगामी डागडुजी केली. अशा अवस्थेतील विमाने कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी सु. १,५०० किमी. अंतरावरील बंगलोरला उडवत नेली. हे काम एकदाच झाले असते, तरी त्याला साहस म्हणता आले असते. ते चाळीसच्या आसपास वेळा पार पडले. बंगलोरला विमानांची संपूर्ण दुरुस्ती होई. नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिली सहा विमाने हवाई दलाला मिळून त्यांच्यावर ५ क्रमांकाची स्क्वॉड्रन उभी राहिली.

जानेवारी १९५१ मध्ये पुणे येथे लिबरेटर विमानांसह ६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची पुनर्रचना करण्यात आली व तिच्याकडे सागरी टेहळणी सोपविण्यात आली. पुण्यापासून कोकण किनारा हवाई मार्गाने जवळ असल्याने समुद्रावरील दीर्घ उड्डाणांना हा तळ सोयीचा होता. स्वतंत्र भारताकडे तेव्हा या कामासाठी खास बनविलेले विमान नव्हते. समुद्रावरील दूरच्या टेहळणीचा भार या मोडीतून उठविलेल्या विमानांवरच होता.

५ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला १९५७ मध्ये कॅनबेरा ही जेट विमाने मिळाली. संयुक्त राष्ट्रांच्या काँगोतील शांतिकार्यासाठी ऑक्टोबर १९६१ मध्ये भारताने पाठविलेली कॅनबेरा विमाने याच स्क्वॉड्रनची होती. लिबरेटर विमाने स्वतः तेथे गेली नाहीत. तथापि जी तुकडी गेली, ती त्यांच्यावरच घडलेली होती.

लिबरेटर निवृत्त झाल्यावरही जुन्यावर भागविण्याची ही रीत सुटली नाही. एअर इंडियाच्या ताफ्यातून निघालेली सुपर कॉन्स्टेलेशन ही प्रवासी विमाने हवाई दलाने सागरी टेहळणीस लावली. हे काम हवाई दलाचे की नौदलाचे, हा वाद बराच काळ चालला. अखेर १९७६ मध्ये ही विमाने नौदलाकडे आली व त्यांच्यावर गोव्यातील दाबोळी येथे ३१२ क्रमांकाची नौदल स्क्वॉड्रन स्थापन झाली. १९८३ मध्ये ती निवृत्त झाली.

भारताने दुरुस्त केल्यामुळेच टिकलेली काही लिबरेटर विमाने पुढे जगभरच्या संग्रहालयांत गेली. ब्रिटनमधील लंडन, कॅनडातील ओटावा व अमेरिकेतील टूसॉन येथील विमाने त्यांपैकी होत. अमेरिकेत नेलेले आणखी एक विमान १९८९ मध्ये पुन्हा उडू लागले. दिल्लीच्या पालम येथील हवाई दल संग्रहालयातही एक लिबरेटर जतन केलेले आहे.