मंगळावरची सोजर्नर आणि तिची गोष्ट सांगणारी बाई

आज एका यंत्रमानवाची गोष्ट सांगणार आहे. घाबरू नका, त्यात गणित नाही. खरं तर ही दोन बायकांची गोष्ट आहे. एक अमेरिकेत गुलाम म्हणून जन्मली. दुसरी त्याच देशात सुमारे दीडशे वर्षांनी जन्मली आणि इंजिनिअर झाली. दोघींची गाठ पडली ती थेट मंगळावर.

आधी शब्दाकडे बघू. ‘रोबो’ हा शब्द आपण ‘रोबॉट’वरून घेतला, आणि ‘रोबॉट’ आला चेक भाषेतून. १९२० साली कारेल चापेक या लेखकानं ‘आर. यू. आर.’ नावाचं नाटक लिहिलं. कारखान्यात तयार केलेल्या कामगारांना काय म्हणावं, हे त्याला सुचेना. त्याचा भाऊ योसेफ यानं ‘रोबोट’ हे नाव सुचवलं. ते ‘रोबोता’वरून आलं होतं. रोबोता म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळांनी सक्तीनं, मजुरीशिवाय करायचं काम. आपल्याकडे त्याला वेठ म्हणतात. म्हणजे रोबॉट या शब्दाच्या पोटातच वेठबिगार बसलेला आहे. ज्यानं राबायचं, पण बोलायचं नाही, असा.

आता दुसऱ्या बाईकडे येते. डोना शर्ली यांचा जन्म १९४१ सालचा, ओक्लाहोमा राज्यातल्या विनवूड या छोट्या गावातला. शाळेत असतानाच त्या विमान चालवायला शिकल्या. ओक्लाहोमा विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकायला गेल्या, तर तिथल्या सल्लागारानं तोंडावर सांगितलं की मुली इंजिनिअर होत नसतात. त्यांनी ते मानलं नाही. पण वाट सरळही नव्हती. मधेच विषय बदलून त्यांनी लेखनाची पदवी घेतली, एका विमान कंपनीत तांत्रिक मजकूर लिहिण्याची नोकरी केली, मग परत येऊन १९६५ मध्ये इंजिनिअरिंगची पदवी पूर्ण केली. पुढच्याच वर्षी त्या कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत रुजू झाल्या. नासाची बिनमाणसांची यानं ही संस्था बनवते.

नव्वदच्या दशकात तिथं मंगळावर चालणारी एक छोटी गाडी बनवायचं ठरलं आणि त्या चमूचं नेतृत्व शर्ली यांच्याकडे आलं. त्याआधी मोठ्या, अवाढव्य खर्चाच्या गाडीचे बेत झाले होते आणि पैशापायी बारगळले होते. या गाडीला खर्चाची मर्यादा होती अडीच कोटी डॉलर. गाडी जाणार होती ‘पाथफाइंडर’ नावाच्या यानात बसून. यानातल्या प्रत्येक किलोचा हिशेब असतो, त्यामुळे यान बनवणाऱ्यांना ही गाडी म्हणजे जास्तीचं ओझंच वाटायचं. एकाच घरात दोन चुली असाव्यात, तसा तो कारभार होता. त्यातून वाट काढणं हेसुद्धा शर्ली यांचंच काम.

गाडी तयार झाली ती साडेदहा किलोच्या आसपास, जेमतेम ६५ सेंटिमीटर लांब. वर सौर पट्टी, खाली सहा चाकं. चाकं अशा जोडदांड्यांवर बसवली होती की एक चाक दगडावर चढलं तरी बाकीची जमीन सोडत नाहीत. वेग सेकंदाला एक सेंटिमीटर. मुंगीसुद्धा तिला मागं टाकेल! पण घाई करून चालणारही नव्हतं. पृथ्वीवरून निघालेला संदेश तिथं पोचायला तेव्हा दहा मिनिटांच्या वर लागत होते. समोर खड्डा आला आणि तिनं विचारलं, तर उत्तर मिळेपर्यंत वीस मिनिटं गेलेली. म्हणून लेझर आणि कॅमेऱ्यानं पुढची जमीन चाचपून वाट ठरवण्याची थोडी अक्कल तिच्यातच घालावी लागली. मालकाच्या शब्दाशिवाय न हलणारा वेठबिगार मंगळावर उपयोगाचा नव्हता.

गाडीला नाव द्यायचं म्हणून शाळकरी मुलांची निबंध स्पर्धा ठेवली. अट अशी, की नाव इतिहासातल्या एखाद्या कर्तबगार स्त्रीचं हवं. साडेतीन हजार निबंध आले. कनेटिकट राज्यातल्या १२ वर्षांच्या एका मुलीनं सुचवलेलं नाव निवडलं गेलं: सोजर्नर ट्रूथ. सोजर्नर म्हणजे वाटसरू, ट्रूथ म्हणजे सत्य.

हीच आपली पहिली बाई. साधारण १७९७ साली न्यूयॉर्क राज्यात ती गुलाम म्हणून जन्मली. तेव्हाचं नाव इझाबेला. तिचे मालक डच बोलत, त्यामुळे तिची पहिली भाषाही डच. नऊ वर्षांची असताना मेंढ्यांच्या कळपासकट तिला शंभर डॉलरला विकलं. १८२६ मध्ये तान्ह्या लेकीला घेऊन ती मालकाचं घर सोडून चालू लागली. तिच्या मुलाला बेकायदा दूर अलाबामात विकलं होतं, तेव्हा तिनं कोर्टात जाऊन त्याला परत मिळवलं. १८४३ मध्ये तिनं स्वतःचं नाव स्वतः ठेवलं आणि गावोगाव भाषणं देत फिरू लागली.

न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी कायद्यानं संपली ४ जुलै १८२७ रोजी. तिच्या नावाची गाडी घेऊन यान मंगळावर उतरलं ४ जुलै १९९७ रोजी. बरोबर १७० वर्षांनी, तारीख तीच! तो योगायोगच, पण मला तो फार आवडतो. गाडीकडून सात दिवसांच्या कामाची अपेक्षा होती. ती मंगळावरचे ८३ दिवस चालली, दगडांना टेकून त्यांत काय काय आहे ते तपासत राहिली. पुढं मंगळावर गेलेल्या मोठ्या गाड्यांनाही तशीच सहा चाकं आहेत, आणि २०२३ मध्ये चंद्रावर उतरलेल्या आपल्या प्रज्ञान गाडीलाही.

आता जे मला मुद्दाम सांगायचं आहे ते. सोजर्नर ट्रूथला लिहिता-वाचता येत नव्हतं. १८५१ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन इथं स्त्रियांच्या हक्कांच्या परिषदेत ती बोलली. काही आठवड्यांतच एका वर्तमानपत्रात ते भाषण छापून आलं. पुढं १२ वर्षांनी, १८६३ मध्ये, परिषदेच्या अध्यक्ष फ्रान्सिस गेज यांनी त्याच भाषणाचा वेगळाच मजकूर छापला. त्यात तिच्या तोंडी दक्षिणेतल्या गुलामांची बोली घातली, जी तिची नव्हतीच. मुलं पाच होती, ती तेरा झाली. हेतू कदाचित चांगला असेल. पण जगात गाजलं ते हेच दुसरं भाषण. बाई एक बोलली आणि नावावर दुसरंच राहिलं.

डोना शर्ली यांचं तसं झालं नाही, कारण त्यांनी आपली हकीकत स्वतः सांगितली. १९९८ मध्ये त्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या, त्याच वर्षी त्यांचं ‘मॅनेजिंग मार्शियन्स’ हे आत्मकथन आलं. मग व्याख्यानं देत त्या ठिकठिकाणी फिरल्या. आणि मुली इंजिनिअर होत नाहीत असं जिथं ऐकलं होतं, त्याच ओक्लाहोमा विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग महाविद्यालयात सहायक अधिष्ठाता म्हणून परत गेल्या. विद्यापीठाच्या व्यासपीठावर इंजिनिअर बाई उभी राहते, तेव्हा समोरच्या मुलींना नुसतं यंत्र कळत नाही. ते कुणी केलं, कुणाशी भांडून केलं, कितीदा वाट बदलून केलं, तेही कळतं. वर्तमानपत्रातल्या फोटोत फक्त गाडी दिसते.

मैत्रिणींनो, मी गटांच्या इतिवृत्ताच्या वह्या नेहमी बघते. बहुतेक पानांवर एकच वाक्य असतं: ‘सर्वानुमते ठरले.’ शेळ्यांसाठी कर्ज काढायचं कुणी सुचवलं? व्याज जास्त आहे असं उठून कोण म्हणालं? रेशन दुकानाचा प्रश्न ग्रामसभेत कुणी लावून धरला? वहीत काहीच नाही. दहा वर्षांनी कुणी ती उघडली तर वाटेल, या बायका आल्या, अंगठे उठवले आणि गेल्या.

तेव्हा येत्या बैठकीत एवढं करा. जी बोलली तिचं नाव लिहा आणि ती बोलली तेच लिहा, तिच्याच शब्दांत. ज्या मैत्रिणीला वाचता येत नाही, तिला सही-अंगठ्याआधी ते वाचून दाखवा. “असंच म्हणाले होते ना मी?” असं तिनं विचारलं पाहिजे, आणि चुकलं असेल तर खोडून पुन्हा लिहायला लावलं पाहिजे.