जरा फॅक्स टोन द्या!

नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईच्या कुठल्याही कचेरीत फोन वाजायचा आणि पलीकडून एवढंच ऐकू यायचं, ‘जरा फॅक्स टोन द्या!’ ऑपरेटर बाई मशीनचं स्टार्ट बटण दाबायच्या, कर्कश शीळ उठायची आणि त्या रिसीव्हर खाली ठेवायच्या. तेवढ्यात आतल्या केबिनमधल्या साहेबांनी पॅरलल फोन उचलला, की पान अर्ध्यावर अडकलंच. पुन्हा फोन, पुन्हा टोन.

फॅक्स खरं तर टेलिफोनहून जुना. अलेक्झांडर बेन यांनी त्याचं पेटंट 1843 मध्ये घेतलं. जिओव्हान्नी कासेल्ली यांच्या यंत्रावर पॅरिस-लियाँ सेवा 1865 मध्ये सुरू झाली. बेल यांचं टेलिफोनचं पेटंट त्यानंतर अकरा वर्षांनी आलं. पण कचेऱ्यांत फॅक्स शिरला तो फोनच्या लाईनवरचा पाहुणा म्हणून. झेरॉक्स कंपनीचं 1966 चं टेलिकॉपियर एका पानाला सहा मिनिटं घ्यायचं. 1980 मध्ये ‘ग्रुप 3’ हे आंतरराष्ट्रीय मानक ठरलं, पान मिनिटाभरात जाऊ लागलं आणि एका कंपनीच्या मशीनला दुसरीची भाषा कळू लागली.

ही भाषा सुरांची. फोन करणारं मशीन 1100 हर्ट्झचा सूर थांबून थांबून देतं, घेणारं 2100 हर्ट्झचा. ऑपरेटरकडे मागितला जायचा तो हा दुसरा सूर. त्याचं आणखी एक काम होतं. लांब पल्ल्याच्या लाईनवर बोलणाऱ्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येऊ नये म्हणून यंत्रणा बसवलेली असे. हा सूर ऐकला की ती बाजूला होई. माणसांच्या सोयीची ती यंत्रणा फॅक्सला मात्र अडचणीची!

कचेरीतले फोन आतल्या आत जोडणारे ईपीएबीएक्स बोर्ड आले आणि घोळ वाढला. फॅक्स एक्स्टेंशनवर जोडला, तर बाहेर जाताना आधी शून्य लावा, बाहेरचा डायल टोन येईपर्यंत थांबा, मग नंबर. आलेला फॅक्स ऑपरेटरने वेळेत ट्रान्सफर केला नाही, तर पाठवणारं मशीन कंटाळून फोन ठेवणार. कॉल वेटिंगची एक पीप मध्ये आली तरी ओळी बिघडत. म्हणून जाणता लाईनमन सांगायचा, फॅक्सला डायरेक्ट लाईन द्या, बोर्डातून नेऊ नका. सल्ला शंभर टक्के बरोबर, पण फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्या देशात एक अख्खी लाईन मशीनला देणं परवडणार कुणाला? मग लेटरहेडवर ‘टेलिफॅक्स’ छापून दोघांना एकाच नंबरावर नांदवलं जाई. दिवसा बोलणं, संध्याकाळी कुलूप लावताना मशीन ‘ऑटो’वर.

मराठी वृत्तपत्रांना या लाईनचा मोठा आधार झाला. तालुक्याचा बातमीदार पूर्वी बातमीचं पाकीट एसटीने पाठवायचा. आता हाताने लिहिलेली पानं एसटीडी बूथवरून थेट संपादकीय विभागात उतरू लागली. देवनागरी असो की मोडी, फॅक्सला सगळी चित्रंच. फक्त थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडायची, म्हणून महत्त्वाच्या फॅक्सची लगेच झेरॉक्स काढून फाईलला लावली जायची.

कचेरीचे फोन इंटरनेटवर गेले तेव्हा जुनंच दुखणं नव्याने उपटलं. आवाज दाबून पाठवणाऱ्या जी.729 सारख्या पद्धती माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेल्या. फॅक्सचे सूर त्यांत मोडतात. त्यावर 1998 मध्ये टी.38 हे मानक आलं, तरी साधी अ‍ॅनालॉग लाईन वेगळी ठेवणारे तंत्रज्ञ आजही आहेत.

आणि लाईन ठीक असूनही भागत नाही. 21 नोव्हेंबर 2018 रोजी जम्मू-काश्मीरच्या माजी मुख्यमंत्री मेहबूबा मुफ्तींनी सरकार स्थापनेच्या दाव्याचं पत्र जम्मूच्या राजभवनाला फॅक्स करायचा प्रयत्न केला. ते जाईना, तेव्हा त्यांनी ट्विटरवर टाकलं. त्याच रात्री राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी विधानसभा बरखास्त केली. ईदची सुटी होती, फॅक्सजवळ कुणी नव्हतं, असं त्यांनी नंतर सांगितलं.