बोरूचे वळण

विंझरचे नाव निघाले की तोरणा आणि राजगड आठवतात, आणि बोलणे पराक्रमाकडे वळते. वास्तविक राजगड हे सुमारे पाव शतक शिवाजी महाराजांच्या राजधानीचे ठिकाण होते. आणि कारभार म्हटला की कागद आला, दौत आली, बोरू आला. त्या बोरूविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. ‘बोरूबहाद्दर’ ही शिवी तेवढी मराठीने जपून ठेवली आहे!

मोडीचे रूप पुष्कळसे या बोरूने घडविले, असे आम्हांस वाटते. लेखक आधी आडवी रेघ ओढून घेई आणि तिला अक्षरे लोंबती ठेवी. दोन शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा आग्रह नाही. हात उचलणे होईल तितके टाळायचे. तिरक्या टोकामुळे एक फराटा जाड, दुसरा बारीक. शाई ओली असताच वर वाळू टाकायची. नव्याने बुडविलेल्या बोरूचे अक्षर गडद उमटते, मग फिके होत जाते. वतनाच्या महजरात एखादी ओळ मागाहून घुसडली असेल, तर तिची चाहूल टोकाच्या जाडीवरून आणि या गडद-फिक्या लयीवरून लागू शकते. ज्याने स्वतः बोरू तासून मोडीचा कित्ता गिरविला आहे, त्याच्या डोळ्यांना ही लय लवकर दिसते.

बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० साली मोडी टंकात छापला गेला. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. दोन्ही गोष्टी मोलाच्या, यात संशय नाही. पण टंकातला ‘क’ दर वेळी तोच असतो. चिटणीशी आणि बिवलकरी वळणांतला भेद, किंवा घाईत लिहिणाऱ्या कारकुनाचा हात, त्यात उतरत नाही.

काजळ आणि डिंकाची शाई काळाने सहसा उडत नाही, पाण्याने मात्र पसरते. आणि वेल्ह्याकडचा पाऊस सर्वांच्या परिचयाचा आहे. मावळातल्या जुन्या घरांत मोडी कागदांचे रुमाल असतील, तर ते आधी कोरड्या जागी हलवावेत, त्यांची छायाचित्रे घ्यावीत. आणि मराठीच्या वर्गात निदान एक तास विद्यार्थ्यांच्या हाती बोरू द्यावा. पहिल्या दिवशी बोटे काळी होतील, रेघही सरळ येणार नाही.