अक्षरओळखीची पूर्वतयारी घरातच

मुलाचे वाचन पाटी-पेन्सिल हाती आल्यावर सुरू होते, असा समज बहुतेक घरांत आढळतो. प्रत्यक्षात अक्षर डोळ्यांना ओळखू येण्यापूर्वी त्याचा ध्वनी कानाला सापडावा लागतो. ‘पाटी’ या शब्दाचे ‘पा’ आणि ‘टी’ असे दोन तुकडे पडतात व ‘पाणी’चा पहिला तुकडाही तोच आहे, हे ज्या मुलाला ऐकू येते, त्याला ‘पा’ हे चिन्ह कशासाठी आहे ते लवकर उमगते. ज्याला ते ऐकू येत नाही, ते मूल मुळाक्षरे घडाघडा म्हणते. मात्र अनोळखी शब्द समोर येताच अडखळते.

हा कान तयार करण्यास वेगळ्या तासाची गरज नाही. भाजी निवडताना एकेका नावाला टाळ्या वाजवाव्यात: ‘बटाटा’ला तीन, ‘कांदा’ला दोन. आरंभी असेच शब्द घ्यावेत, ज्यांतील प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारले जाते. ‘कमळ’ लिहिताना तीन अक्षरे होतात, पण बोलताना शेवटचा ‘ळ’ तोकडा पडून कानाला दोनच ठोके जाणवतात. अशा शब्दाला मुलाने दोन टाळ्या वाजवल्या तर ते चुकलेले नसते, त्याने नीट ऐकलेले असते. दुसरा पेच चहाच्या कपापाशीच भेटतो. ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांचे पहिले अक्षर एकच. उच्चार मात्र निराळे. मोठ्यांच्या हे ध्यानातही येत नाही, लहान मूल मात्र तेथे हमखास थबकते.

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी गावांच्या भेंड्या उत्तम. नाशिक म्हटले की ‘क’, मग कराड, ‘ड’वरून डहाणू. ‘ण’वरून गाव सुचेना की ‘न’ चालवून घ्यावा. खेळ मोडण्यापेक्षा ते बरे.

ध्वनीइतकाच शब्दसंग्रहही मोलाचा आहे. अक्षरे जुळवून ‘ओंजळ’ वाचता आले, तरी तो शब्द पूर्वी कानांवर पडलेला नसेल तर वाचन कोरडे राहते. चिमूट, मूठ, ओंजळ, पसा हे शब्द स्वयंपाकघरात आजीच्या तोंडून जितक्या सहज कळतात, तितके पुस्तकातून कळत नाहीत. त्यासाठी आजी साक्षर असण्याचीही आवश्यकता नाही.

लेखनाची घाई मात्र टाळावी. तिसऱ्या वर्षी वहीच्या रेघांत अक्षरे कोंबण्याचा आग्रह बोटांवर अन्याय करणारा आहे. शेंगा सोलणे, धान्य निवडणे, रांगोळीचे ठिपके जोडणे यांतून बोटांना वळण लागते. पूर्वीची धुळाक्षरे ताटातल्या रव्यावर आजही गिरवता येतात आणि चुकलेले अक्षर हात फिरवताच नाहीसे होते. ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते व उच्चार मागून येतो, हे कोडेही तेथे हसतखेळत सुटते. एसटीवरील गावाची पाटी, डब्यावरील ‘साखर’, वाणसामानाची यादी यांतून लिहिलेल्याला अर्थ असतो, हे मुलाच्या मनात रुजते.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेल्या कार्यात आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर शिंपले, बिया, पाने, खडे हीच शैक्षणिक साधने होती. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली.

प्रश्नाची व्याप्ती मोठी आहे. पायाभूत वाचन-लेखन व अंकज्ञान न आलेल्या प्राथमिक स्तरावरील मुलांची संख्या पाच कोटींहून अधिक असावी, असा अंदाज २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नोंदवला आहे. मूल इंग्रजी माध्यमात जाणार म्हणून घरी मराठीत गोष्टी सांगणे थांबवणारे पालक तर त्याचा हाती असलेला आधारच काढून घेतात. एका भाषेत तयार झालेला कान दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडतो.

वारंवार खेळूनही शब्दांतील साम्य मुलाच्या ध्यानात येत नसेल, हाक मारल्यावर ते उशिरा वळत असेल किंवा त्याला सतत सर्दी होऊन कान दुखत असेल, तर त्याला आळशी ठरवण्याआधी डॉक्टरांकडून त्याची श्रवणक्षमता तपासून घ्यावी.