जर्मन सिल्व्हरच्या वाट्या

१९२४ साली मारिआने ब्रांट वायमारच्या ‘बाउहाउस’मध्ये धातुकाम शिकू लागल्या. आधीच्या चित्रकार, पण आपली चित्रे जाळून आलेल्या! धातुशाळेत बाईमाणसाचे काय काम, असे सोबत्यांना वाटे. म्हणून त्यांनी बाईंकडे रटाळ काम दिले: ठिसूळ जर्मन सिल्व्हर ठोकून अर्धगोल वाट्या काढीत बसायचे. बाईंना वाटले, शिक्षणाची रीतच ही! सोबत्यांनी खरे कारण सांगितले ते मागाहून.

त्याच वर्षी बाईंनी अर्धगोलाचीच, चार बोटे उंचीची चहाची किटली घडवली. तीत नुसता कडक अर्क करायचा, गरम पाणी पेल्यात घालायचे. (आपल्याकडे पाहुण्यांना हे रुचणे कठीण!)

१९२८ मध्ये त्याच धातुशाळेचा कारभार बाईंकडे आला. लाइपझिगच्या कँडेम कंपनीने त्यांचा उशाशी ठेवायचा दिवा काढला. बटण बैठकीवरच, झोपेतही हाताला लागणारे.