गांजा आणि स्मरणशक्ती : मोजायचे राहून गेलेले

नियमित गांजा ओढणारा माणूस विसराळू होतो, हे आपल्याकडे कुणी कुणाला शिकवावे लागत नाही. पण विसराळू होतो म्हणजे नेमके काय होते, किती होते, आणि चिलीम सुटल्यावर ते भरून येते का? या प्रश्नांची बऱ्यापैकी उत्तरे मिळायला विज्ञानाला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. एवढा उशीर का झाला, हे समजून घेणे नववी-दहावीच्या वर्गापुढे उभ्या राहणाऱ्या शिक्षकांना उपयोगी पडेल, असे आम्हांला वाटते.

गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात भांगेवर एक संवाद आहे. अहमदनगरच्या निजामशाही दरबाराशी ओर्ताचा संबंध होता, आणि घाटावरच्या मुक्कामात आपल्याजवळ राहणाऱ्या एका विदूषकाने भांगेचा पाक खाल्ल्यावर काय झाले, हे त्याने लिहून ठेवले आहे. तो गडी आधी खुशीत आला, त्याचे बोलणे कळेनासे झाले, मग तो खिन्न होऊन रडू लागला. निरीक्षण चांगले आहे. पण ते एका रात्रीच्या नशेचे. वर्षानुवर्षे घेणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न ओर्ताला पडला नाही.

तो पडला तो इंग्रजी अमलात, आणि तोही वेगळ्याच रूपात. हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरली आहेत, अशी समजूत विलायतेत पसरली होती. पार्लमेंटात प्रश्न उपस्थित झाला आणि १८९३ मध्ये भारतीय भांग-गांजा आयोग नेमला गेला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सात सभासदांपैकी तिघे भारतीय. आयोगाने ७० प्रश्नांची यादी केली, ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. आजही तो वाचताना त्याच्या कसोशीचे कौतुक वाटते.

जालना जिल्ह्यातील टेंभुर्णी हे गाव तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. पूर्वेला काही कोसांवर वऱ्हाडची हद्द लागे, आणि वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे होता. म्हणजे बाजार एक, बोली एक, सोयरीकही एक. पण गांजावरचा कर आणि कायदा मात्र हद्दीच्या दोन बाजूंना वेगळा. आयोगाचा मुख्य रोख ब्रिटिश मुलखावर होता. वऱ्हाडातल्या साक्षी त्याने घेतल्या. दक्षिणेत गांजाची लागवड होई ती मुख्यतः अहमदनगरकडे, आणि मध्य प्रांतात खांडव्याच्या बाजूला.

आयोगाचे खरे मोठे काम इस्पितळांच्या दप्तरात झाले. १८९२ साली देशभरच्या वेड्यांच्या इस्पितळांत १३४४ रुग्ण दाखल झाले होते, आणि त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे कारण म्हणून गांजा-भांग लिहिले होते. आयोगाने ही प्रकरणे एकेक करून पुन्हा तपासली. तेव्हा दिसले ते असे : रुग्णाबरोबर येणाऱ्या कागदावर ‘वेडाचे कारण’ असा रकाना असे. तो कोरा ठेवायचा नाही. रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाला काही ठाऊक नसले, तरी ‘गांजा’ हा शब्द हाताशी होताच. एकदा लिहिलेले कारण मग पुढच्या प्रत्येक वहीत उतरत गेले. फेरतपासणीत २२२ पैकी ९८ उरले. त्यांतल्या ३७ जणांना दुसरेही कारण संभवत होते. निव्वळ गांजा-भांगेकडे बोट दाखवता येईल असे ६१. (शाळेचे वार्षिक तक्ते भरणाऱ्या आमच्या वाचकांना या रकान्याचे मर्म सांगायला नको.)

आयोगाने निष्कर्ष काढला की माफक सेवनाने मनावर घातक परिणाम होत नाहीत, अतिसेवनाने होऊ शकतात. ‘बुद्धी मंद होते काय?’ हेही प्रश्नावलीत होते. पण उत्तरे आली ती साक्षीदारांच्या मतांची. वेडे मोजता येत होते, कारण ते इस्पितळात होते. स्मरणशक्ती मोजली गेली नाही. वास्तविक हेरमान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते की निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून विस्मरण आकड्यांत पकडता येते. साधन उपलब्ध होते, परंतु ते कलकत्त्याच्या चौकशीपर्यंत पोहोचले नव्हते. आमच्या मते वेडाच्या गलक्यात स्मरणाचा प्रश्न हरवला, आणि पुढे कित्येक दशके हरवलेलाच राहिला.

भारतात तो नीट हाती घेतला गेला तो १९७० च्या दशकात. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत डॉ. नरेंद्रनाथ विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ भांग पिणारे आणि चरस ओढणारे यांची तुलना न घेणाऱ्यांशी केली. १९७८ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. त्याच माणसांपैकी जे सापडले त्यांना सुमारे नऊ-दहा वर्षांनी पुन्हा तपासून १९८८ मध्ये दुसरा लेख आला. ऐकलेले आकडे लगेच म्हणून दाखवणे, चाचणीतला वेग आणि अचूकता, यांत सेवन करणाऱ्यांची घसरण दिसली. माणसे थोडी होती. पण तीच माणसे इतक्या वर्षांनी पुन्हा शोधणे हे काम सोपे नव्हे.

हे का घडते, याचा उलगडा रसायनशास्त्रातून सुरू झाला. १९६४ मध्ये इस्रायलमध्ये गाओनी आणि मेशूलम यांनी नशा आणणारे मुख्य द्रव्य, टीएचसी, वेगळे काढले. १९८८ मध्ये अमेरिकेत ॲलिन हाउलेट आणि विल्यम डेव्हेन यांनी उंदराच्या मेंदूत त्याला पकडणारे ग्राही दाखवले. मेंदूत असे कुलूप असेल तर शरीराची स्वतःची किल्लीही असणार. ती १९९२ मध्ये सापडली, आणि डेव्हेनने तिचे नाव आपल्या ‘आनंद’ या शब्दावरून ‘आनंदमाइड’ असे ठेवले. हे ग्राही हिप्पोकॅम्पस या भागात दाट असतात, आणि नवी गोष्ट लक्षात ठेवण्याचे काम मुख्यतः तिथेच चालते. संदेश घेणारी चेतापेशी असे द्रव्य उलट दिशेने सोडून पाठवणाऱ्या पेशीला ‘आता पुरे’ असे सांगते. हा इशारा नेमक्या जागी आणि क्षणभरच असतो. टीएचसी मात्र सगळीकडे, तासन्‌तास ‘पुरे, पुरे’ म्हणत राहते. जुन्या आठवणी शाबूत, पण आत्ता सांगितलेले टिकत नाही, ही गांजेकसाची तऱ्हा यावरून समजते.

सुटल्यावर काय? २००१ मध्ये हॅरिसन पोप यांच्या गटाने अमेरिकेत अनेक वर्षे भरपूर ओढणाऱ्यांना २८ दिवस गांजाविना ठेवले. शब्दांची यादी आठवण्यात ते पहिल्या, आणि सातव्याही, दिवशी मागे होते. २८ व्या दिवशी इतरांच्या बरोबरीला आले. २०१२ मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरून दिसले की रोज ओढणाऱ्यांत घटलेले ग्राही सुमारे चार आठवड्यांत पूर्ववत होतात. दोन्ही आकडे जुळतात. मात्र सगळेच पुसले जाते असे नाही. २०१६ च्या एका दीर्घ अमेरिकी पाहणीत, सेवनाच्या दर पाच वर्षांमागे शब्दस्मरण थोडे कमी आढळले : १५ शब्दांच्या यादीत, दोघांतल्या एकाला एक शब्द कमी, एवढे.

शिक्षकांनी नीट पाहावा असा निकाल पोप यांच्याच २००३ च्या लेखात आहे. वयाच्या सतराव्या वर्षाआधी सुरुवात केलेले, २८ दिवसांनंतरही, विशेषतः भाषिक बुद्धीच्या चाचण्यांत मागे राहिले. याची तीन कारणे संभवतात असे लेखक म्हणतात. ही मुले आधीपासून वेगळी असतील. वाढत्या मेंदूला द्रव्याने इजा झाली असेल. किंवा त्या वयात त्यांचा शाळेशी आणि पुस्तकांशी संबंध तुटला, म्हणून शब्द कमी शिकले गेले असतील. यांतले कोणते कारण किती, हे त्या आकड्यांवरून वेगळे करता आले नाही. १८९२ च्या पोलिसाने तिथे एकच शब्द लिहिला असता. तिसरे कारण खरे असेल तितक्या प्रमाणात, चिलमीसह पकडलेल्या मुलाला शाळेतून काढून टाकल्याने त्याचे नुकसान वाढते.