हैदराबाद पथकाचें एक विमान

ताम्रपटावर दात्याचें नांव असतें व तोफेवर ती ओतविणाराचें, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु बाँब टाकणाऱ्या विमानाच्या अंगावर दानलेख असावा, आणि तोहि औरंगाबादच्या जुन्या धन्याच्या नांवाचा, हा प्रकार तितका परिचित नाहीं. म्हणून त्याची हकीकत येथें देतों.

सन १९१८ मध्यें, पहिलें महायुद्ध चालूं असतां, सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनीं ब्रिटिश हवाई दलास डी. एच. ९ ए जातीचीं विमानें भेट दिलीं. तीं ११० क्रमांकाच्या पथकाकडे गेलीं, पथकास हैदराबादचें नांव पडलें, व प्रत्येक विमानावर ‘निजामसाहेबांकडून भेट’ अशा अर्थाचा इंग्रजी लेख रंगविण्यांत आला. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपति संभाजीनगर) ही निजामांची पहिली राजधानी. पुढें गादी हैदराबादेस गेली तरी मराठवाड्याचा हा मुलूख १९४८ पर्यंत त्यांच्याच राज्यांत होता, आणि येथील शेतसारा त्यांच्याच खजिन्यांत पडत असे. लेखांत रयतेचा उल्लेख नाहीं. दानलेखांत सारा भरणाराचें नांव शोधूं जाणें व्यर्थ, हें जुन्या कागदांत वावरणारांस ठाऊकच आहे.

यांपैकीं एफ १०१० हें विमान वेस्टलंड कारखान्यांत बांधलेलें होतें. लांकडी सांगाडा, वर कापड, ४०० अश्वशक्तीचें लिबर्टी यंत्र. पुढें चालक, त्याचे पाठीमागें निरीक्षक, व बंदूकहि त्यानेंच चालवावयाची. सप्टेंबर १९१८ पासून हें पथक फ्रान्समधील बेत्तोंकूरच्या तळावरून निघून भर दिवसा जर्मनींत शिरत असे. अशा स्वाऱ्यांत हानि भारी व्हावयाचीच. ता. ५ ऑक्टोबर रोजीं कैझर्सलाउटर्न व पिर्माझेन्सकडे गेलेलें एफ १०१० परत आलें नाहीं. चालक कॅप्टन इंग्लिस व निरीक्षक सेकंड लेफ्टनंट बॉडली हे दोघेहि जिवंत शत्रूच्या हातीं लागून कैदेंत पडले. ता. ११ नोव्हेंबर रोजीं युद्ध थांबलें. म्हणजे अवघे ३७ दिवस राहिले होते.

विमानाची कैद मात्र पुष्कळच लांबली. जर्मनांनीं तें जिंकलेली वस्तु म्हणून जपलें व बर्लिनच्या विमानसंग्रहालयांत मांडलें. दुसऱ्या महायुद्धांत बर्लिनवर ब्रिटिशांचे बाँब पडूं लागले, तेव्हां तें पूर्वेकडे हलविण्यांत आलें. युद्धानंतर पोलंडमधील क्राकूवच्या संग्रहालयांत राहिलें. १९७७ सालीं एका स्पिटफायर विमानाच्या मोबदल्यांत इंग्लंडनें तें परत मिळविलें. सध्यां तें रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयांत आहे. तें सुखरूप परत येतें तर इतर विमानांप्रमाणें झिजून मोडींत निघालें असतें, असें आम्हांस वाटतें. शत्रूच्या हातीं पडलें म्हणूनच तें टिकलें. संग्राहकांस हा अनुभव नवा नाहीं. लुटींत गेलेलीं दप्तरें पुष्कळदां घरच्या दप्तरांहून बरी राहतात.

एक सूचना. विमानाच्या दुरुस्तींत नवे भाग व नवा रंग घालावा लागला आहे. यास्तव त्यावर आज दिसणारा निजामांचा लेख मूळ न समजतां मुळाबरहुकूम केलेली नक्कल समजावी.